विश्लेषण : सगळे दात काढले, तरी रुडयार्ड किपलिंग यांची पोटदुखी का थांबली नाही?

दाढ ठणकू लागली की तिथे लवंग किंवा मिश्री दाबून कामावर जायचे आणि सहन होईनासे झाले की दाढ काढून मोकळे व्हायचे. रे रोडच्या गोदी परिसरापासून गिरगावच्या चाळींपर्यंत हे दोन उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. यातला दुसरा उपाय मुंबईत जन्मलेल्या एका नोबेलविजेत्या लेखकाच्या डॉक्टरांनी टोकाला नेला. दुखणे पोटात असताना त्यांनी रुडयार्ड किपलिंग यांचे सगळे दात काढले. वर्ष होते १९२१.

मुंबईशी नाते काय?

किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात झाला. वडील लॉकवूड तिथे शिल्पकला शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या प्रवेशद्वारावरील शिल्पपट्ट त्यांचेच. छोटा रुडयार्ड गोव्याकडची ख्रिस्ती आया आणि हिंदू नोकर यांच्या अंगाखांद्यावर वाढला. त्याला इंग्रजीपेक्षा हिंदुस्थानी सहज येई. घरच्यांसमोर गेल्यावर इंग्रजीत बोलण्याची आठवण त्याला करून द्यावी लागे. पाचव्या वर्षी त्याला धाकट्या बहिणीसह इंग्लंडला परक्या घरी ठेवले गेले. ती वर्षे त्याच्यासाठी छळाचीच ठरली.

१८८२ मध्ये तो मुंबईच्या बंदरात परत उतरला आणि लगेच लाहोरला जाऊन पत्रकार झाला. रे रोडला ज्यांचे नाव मिळाले ते लॉर्ड रे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यातली बहुतेक वर्षे किपलिंग लाहोर आणि अलाहाबादच्या वृत्तपत्रांत बातम्या आणि कथा लिहीत होते. १८८९ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. ‘द जंगल बुक’ आले १८९४ मध्ये आणि ते लिहिले गेले अमेरिकेत. १९०७ चे साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. इतक्या कमी वयात ते आजवर दुसऱ्या कोणत्याही साहित्यिकाला मिळालेले नाही. साम्राज्यवादी म्हणून त्यांच्यावर होणारी टीका रास्तच आहे. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर जनरल डायरसाठी उभारलेल्या निधीला त्यांनी पैसे दिले होते.

दुखणे कधी सुरू झाले?

सप्टेंबर १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात लूसच्या लढाईत त्यांचा एकुलता मुलगा जॉन बेपत्ता झाला. वय अवघे १८. त्याची दृष्टी अधू असल्याने सैन्यात प्रवेश मिळत नव्हता; वडिलांनीच ओळख लावून तो मिळवून दिला होता. मुलाचा मृतदेह किपलिंग यांच्या हयातीत सापडला नाही. याच काळात त्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या. वजन घटू लागले, कर्करोगाची भीती मनात बसली. डॉक्टर बदलले, तपासण्या झाल्या, पण कारण कळेना. अखेर संशय दातांवर आला.

पोट दुखत असताना दातच का?

आज हे विचित्र वाटते, पण त्या वेळी हेच आधुनिक वैद्यक होते. १९०० मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी तोंडातील पू आणि कुजके दात हे अनेक आजारांचे मूळ असल्याचा सिद्धांत मांडला. १९१० मध्ये त्यांनी कॅनडातील मॉन्ट्रियलच्या व्याख्यानात सडक्या दातांवर सोन्याची टोपणे बसवणाऱ्या दंतवैद्यांना धारेवर धरले. (इकडे रे रोड स्थानक सुरू झाले तेही १९१० मध्येच.) पुढे अमेरिकेत फ्रँक बिलिंग्ज यांनी हा विचार उचलून धरला. सांधेदुखी, पोटदुखी, अगदी मानसिक आजारांतही दात आणि टॉन्सिल काढण्याची लाट आली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी किपलिंग त्या लाटेत सापडले. कवळी आली, पण पोटातली कळ गेली नाही.

या डॉक्टरांना सरसकट वेड्यात काढणे मात्र अन्यायाचे होईल. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा आणि ते रुग्णांपर्यंत पोहोचले १९४० च्या दशकात. त्याआधी जबड्यातला पू मानेत उतरला की माणूस दगावू शकत असे. खरोखर सडलेला दात काढणे हा तेव्हा जीव वाचवणारा उपचार होता. चूक झाली ती कोणत्या दाताने काय बिघडवले हे न पाहता सगळे दात आरोपी ठरवण्यात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांचा पाठपुरावा केल्यावर दात काढून फारसा फायदा होत नसल्याचे दिसले आणि लाट ओसरली.

दाताचा संसर्ग नेमका होतो कसा?

तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. ते दाताच्या कठीण आवरणाला झिजवते. कीड आवरणात असते तोवर दुखत नाही. ती आतल्या थरात गेली की गार-गोड झोंबते आणि दाताच्या गाभ्यातल्या नसेपर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडते. मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो. रुग्णाला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात नस मेलेली असते आणि जिवाणू मुळाच्या टोकाशी गळू तयार करत असतात.

म्हणूनच औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून हा संसर्ग मिटत नाही. मेलेल्या गाभ्यात रक्तपुरवठा उरत नाही, त्यामुळे औषध तिथे पोहोचतच नाही. सूज तात्पुरती उतरते, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा येते. आतली घाण काढून मूळनलिका बंद करणे, म्हणजे रूट कॅनाल, किंवा तो एक दात काढणे हाच उपाय आहे. पू साठला असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते. ताप आणि सूज पसरत असेल तर अँटिबायोटिकची जोड लागते. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नये, हिरडी भाजते. मिश्री तर तंबाखूच. तिने दुखणे दबते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तोंड उघडेना, गिळता येईना, जिभेखाली सूज आली किंवा श्वास अडखळू लागला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हंटर पूर्ण चुकले होते का?

नाही. तोंडातले जिवाणू रक्तात जातात, हे खरे आहे. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांना त्यातून हृदयाच्या आतल्या आवरणाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे काही दंतोपचारांआधी त्यांना अँटिबायोटिक दिले जाते. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बळ देतात. साखर किती खाल्ली याइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे. दर दोन तासांनी कटिंग आणि बिस्किट घेणाऱ्याच्या दातांना सावरायला वेळच मिळत नाही. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोनदा, विशेषतः झोपण्यापूर्वी दात घासणे हा सर्वांत स्वस्त बचाव आहे.

किपलिंग यांचा खरा आजार कोणता?

दात गेल्यानंतर १९२२ मध्ये त्यांच्या पोटावर शस्त्रक्रियाही झाली. १९३३ मध्ये पॅरिसमध्ये अखेर निदान झाले, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला अल्सर. तोवर जवळपास अठरा वर्षे उलटली होती. जानेवारी १९३६ मध्ये तो फुटला. १९०८ मध्ये लंडनच्या ज्या मिडलसेक्स रुग्णालयात त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर भाषण केले होते, तिथेच १८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. अशा अल्सरमागे अनेकदा एक जिवाणूच असतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवले. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. हा जिवाणू राहतो जठरात. किपलिंग यांना तो होता की नव्हता, हे तपासण्याचे साधन त्या काळी नव्हतेच.

आज रे रोडहून हार्बर लोकलने चौथे स्थानक सीएसएमटी. तिथून पूर्वेला सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे. सीएसएमटीच्या दुसऱ्या बाजूला, थोडे चालल्यावर, जे. जे.चे आवार लागते. किपलिंग जन्मले ते घर आता नाही, सध्याचा बंगला नंतरचा आहे.