चौकातला तिसरा इशारा
अमेरिकेतील गॅरेट मॉर्गन यांचा जन्म १८७७चा. आई-वडील एकेकाळी गुलाम होते. शाळाही लवकर सुटली. क्लीव्हलँडमध्ये शिलाई यंत्रे दुरुस्त करता करता ते संशोधक झाले. १९१६मध्ये ईरी सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला, तेव्हा स्वतः बनवलेला श्वसन-टोप घालून ते विषारी वायूत उतरले आणि माणसे बाहेर काढली.

१९२३मध्ये त्यांना वाहतूक सिग्नलचे पेटंट मिळाले. ‘थांबा’ आणि ‘जा’ यांच्या जोडीला सर्व बाजूंची वाहने थांबवणारा तिसरा इशारा त्यात होता. १९६३मध्ये ते निवर्तले.

आज सेन्सरने रुग्णवाहिका ओळखून तिला हिरवा दिवा देणारे सिग्नलही आधी आडवी वाहतूक थांबवतात. पक्षाघातात मेंदूच्या पेशी मिनिटागणिक मरत असतात. मोकळा चौक हा उपचाराचाच भाग आहे. सायरन ऐकताच वाट द्या.