बाँबचे गणिती जॉन फॉन नॉयमान

रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये 'वाइझॅक' हा इस्राएलचा पहिला संगणक जपून ठेवला आहे. तो ज्यांच्या आराखड्यावरून बांधला, त्यांचीच यंत्रे अमेरिकेत हायड्रोजन बाँबसाठी राबली. त्यांची ओळख वाचकांना करून द्यावी असे आम्हांस वाटते.

जॉन फॉन नॉयमान यांचा जन्म बुडापेस्ट येथे २८ डिसेंबर १९०३ रोजी सुखवस्तू यहुदी घराण्यात झाला. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. १९३० साली लग्नापूर्वी नॉयमान कॅथलिक झाले. हे आपणांस रुचो न रुचो, लपवून काय उपयोग? त्याच साली ते प्रिन्स्टनला आले.

१९४३ पासून ते लॉस अलामॉसला जाऊ लागले. प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी एकसारखा दाबला गेला तरच बाँब फुटतो. त्या दाबाचे गणित फार किचकट. आम्ही लॉगरिदमच्या कोष्टकांवर वाढलेली माणसे, आम्हांला त्या आकडेमोडीची कल्पनाच करवत नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात ॲबरडीनच्या रेल्वे फलाटावर गोल्डस्टाइन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी त्यांची गाठ पडली. फिलाडेल्फियात विजेवर गणिते करणारे यंत्र तयार होत आहे, हे त्यांना तेथे कळले. तेच एनिॲक. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते, आणि १९४५ च्या अखेरीस त्याला पहिले मोठे काम मिळाले ते हायड्रोजन बाँबचे!

पुढे नॉयमान यांनी प्रिन्स्टनला स्वतःचे यंत्र उभे केले. १९५१ साली तेही बाँबच्या गणितांना जुंपले गेले. रशियावर आपणच आधी हल्ला करावा, असे त्यांचे मत होते. १९१९ साली हंगेरीत कम्युनिस्ट सत्तेवर येताच त्यांच्या कुटुंबाला देश सोडावा लागला होता, हे खरे. तरी ते मत आम्हांस पटत नाही.

पण यंत्राचे आराखडे त्यांनी कुलुपात ठेवले नाहीत. त्यांवरून लॉस अलामॉसला मॅनिॲक झाले, तसाच रेहोवोतला वाइझॅक. एवढ्याशा देशाला असले यंत्र कशाला, अशी आइन्स्टाइन यांना शंका होती; नॉयमान यांनी त्यांची समजूत घातली. एस्ट्रिन नावाचे इंजिनियर प्रिन्स्टनहून आले, आणि १९५५ साली वाइझॅक चालू झाला. प्राध्यापक पेकेरिस यांनी त्यावर महासागरांच्या भरती-ओहोटीची गणिते सोडविली.

त्याच वर्षी नॉयमान यांना कर्करोग झाल्याचे कळले. वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात त्यांच्या खाटेजवळ पहारा असे. ग्लानीत एखादे गुपित तोंडून जाईल ही सरकारला धास्ती. शेवटी त्यांनी कॅथलिक पाद्र्याला बोलावून घेतले. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते वारले. वाइझॅक १९६३ च्या अखेरीपर्यंत चालला.