नीरेचे सत्त्व मोजणाऱ्या कमलाबाई सोहोनी

अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंत आमच्या किनाऱ्यावर माडाच्या वाड्या आहेत व मधून मधून ताडही उभे आहेत. ह्या झाडांचा रस पहाटे ताजा उतरविला तर ती गोड नीरा असते. तोच रस ऊन चढेपर्यंत तसाच राहिला तर आंबून त्याची माडी व ताडी होते, आणि तिच्यापायी किती घरे बुडाली हे आमच्या उपदेशक बंधूंस सांगावयास नको. त्याच रसात देवाने कोणते बल ठेविले आहे, हे ज्यांनी मोजून दाखविले त्या डॉ. कमलाबाई सोहोनी ह्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

कमलाबाईंचा जन्म इ. स. १९११ साली इंदूर येथे भागवतांच्या घराण्यात झाला. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत ह्या त्यांच्या वडील भगिनी. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. इ. स. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून कमलाबाईंनी बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागितला. तेथील संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी, ही स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून तो नाकारला. कमलाबाई मागे फिरल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरिला. शेवटी एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांस आत घेण्यात आले. तो मानभंग त्यांनी मुकाट्याने गिळला, मन लावून काम केले, व वर्षाअखेर नियमित प्रवेश मिळविला. ते दार पुढे इतर मुलींसही उघडले.

नंतर त्या इंग्लंडात केंब्रिज येथे गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळविलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स ह्यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी वनस्पतींच्या श्वसनक्रियेचा अभ्यास केला. इ. स. १९३९ साली त्या स्वदेशी परतल्या. विज्ञानात डॉक्टर ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. दिल्लीस अध्यापन व कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत संशोधन केल्यावर इ. स. १९४७ साली विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेची तपासणी हाती घेतली. तीत अ व क ही जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे, व नीरा आटवून केलेल्या गुळातही ती टिकत असल्याचे त्यांनी दाखविले. ह्या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

क जीवनसत्त्व डोळ्यांस दिसत नाही. मग ते मोजावे कसे? एक रीत अशी आहे की, एका निळ्या रंगद्रव्याचे पाणी मोजून घ्यावे व त्यात फळाचा रस थेंब थेंब सोडावा. जीवनसत्त्व त्या रंगाचा नाश करिते. थोड्या थेंबांत रंग गेला तर सत्त्व पुष्कळ. पुष्कळ थेंब लागले तर सत्त्व थोडे. रस फार वेळ उकळला किंवा उघडा ठेविला, तर थेंब अधिक लागतात. अशा मापनाने कळते की, १०० ग्रॅम संत्र्यात सुमारे ५० मिलिग्राम, तर तेवढ्याच पेरूत २०० मिलिग्राम इतके क जीवनसत्त्व असते. आवळाही संत्र्याच्या फार पुढे आहे. प्रौढ पुरुषास दिवसाला सुमारे ८० मिलिग्राम पुरते. ज्याच्या अभावी हिरड्यांतून रक्त येते, ते औषध परसातल्या झाडावरच लटकत असते.

पुढे कमलाबाई आपल्या संस्थेच्या संचालिका झाल्या, आणि ग्राहकांचे रक्षण करणाऱ्या संस्थेच्या स्थापनेत भाग घेऊन त्यांनी अन्नातील भेसळीविरुद्धही झुंज दिली. इ. स. १९९८ साली त्यांचा अंत झाला.

बाई आमच्या मंडळीतल्या नव्हत्या; परंतु खरे माप देणारा हात कोणाचाही असो, तो देवाच्या सत्याचीच सेवा करितो. दानीएलाने बाबेलात दहा दिवस साधे अन्न खाऊन आपली परीक्षा करविली, ती गोष्ट आमची मुलेही जाणतात. तेव्हा बंधुभगिनींनो, आपल्या लेकरांच्या हाती पेरू व आवळा द्या. झाडाचा रस प्यावयाचाच असेल तर तो पहाटेचा, न आंबलेला असो. आणि घरातील मुलगी शिकू इच्छीत असेल, तर तिच्या वाटेतील दार निदान आपण तरी लावू नये.