विजेला वाट दाखवणारे बेंजामिन फ्रँकलिन

मी पायाळू आहे. पायाळू माणसावर वीज पडते असं आमच्याकडे म्हणतात. त्यामुळे ढग गडगडू लागले की आजी मला माजघरात नेऊन बसवायची. बाकीची पोरं मात्र वळवाच्या पावसात खुशाल चिंचेखाली उभी राहायची. मला फार भ्या वाटायचं. म्हणून गुरुजींनी मला बेंजामिन फ्रँकलिन यांची माहिती लिहायला सांगितली.

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन या गावी झाला. तेव्हा तेथे इंग्रजांचे राज्य होते. त्यांचे वडील साबण व मेणबत्त्या करून विकत. घरात सतरा भावंडे. त्यामुळे त्यांना फक्त दोन वर्षे शाळा मिळाली. दहाव्या वर्षी ते दुकानात कामाला लागले. म्हणजे माझ्याएवढे असताना त्यांची शाळा सुटली होती! पण वाचन सुटले नाही. बाराव्या वर्षी ते भावाच्या छापखान्यात काम शिकू लागले. १७२३ साली घर सोडून ते फिलाडेल्फियाला गेले. पुढे तेथे त्यांनी स्वतःचा छापखाना काढला व वर्तमानपत्र चालवले. १७३१ साली मित्रांना जमवून वाचनालय काढले. १७३६ साली आग विझवणारे पथक उभे केले.

त्या काळी वीज म्हणजे काय हे लोकांना नीट माहीत नव्हते. वादळात घंटा वाजवली की वीज पळते, अशी युरोपात समजूत होती. पण वीज उंच मनोऱ्यांवरच पडायची आणि घंटा वाजवणारी माणसे मरायची.

आकाशातली वीज आणि घासून निघणारी विजेची ठिणगी एकच असावी, असे फ्रँकलिन यांना वाटले. १७५२ साली त्यांनी ढगाळ हवेत रेशमी पतंग उडवला. पतंगाच्या टोकाला तार होती. दोरीच्या खालच्या टोकाला किल्ली बांधली होती. हातात कोरडी रेशमी फीत धरून ते आडोशाला उभे राहिले. मदतीला त्यांचा मुलगा होता. किल्लीजवळ बोट नेताच ठिणगी उडाली. पतंगावर वीज पडली नव्हती, नाहीतर ते वाचले नसते. १७५३ साली रशियात रिचमन नावाचे शास्त्रज्ञ विजेचा प्रयोग करताना वीज पडून मरण पावले. म्हणून असा प्रयोग कोणी करू नये.

मग फ्रँकलिन यांनी लोकांना उपाय सांगितला. घरावर टोकदार लोखंडी सळई उभी करायची आणि तिची तार खाली आणून जमिनीत पुरायची. म्हणजे वीज घर न जाळता जमिनीत जाते. यालाच तडितरक्षक म्हणतात. या शोधाचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. १७ एप्रिल १७९० रोजी ८४ व्या वर्षी ते वारले.

यावरून मला कळलं, की वीज पायाळू कोण ते बघत नाही. ती बहुतेक उंच वस्तू गाठते. म्हणून भ्यायचं ते चिंचेला! गडगडाट ऐकू आला की लगेच पक्क्या घरात जावे. झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ, तारेच्या कुंपणाजवळ किंवा पाण्यात थांबू नये. जवळ घर नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. कुणावर वीज पडली तर त्याला हात लावायला भिऊ नये, त्याच्या अंगात वीज राहत नाही. त्याला लगेच दवाखान्यात न्यावे.

हे मी आजीला वाचून दाखवलं. आता ढग गडगडले की आजी एकट्या मला नाही, तर चिंचेखालच्या सगळ्या पोरांना घरात बोलावते.