वॉल्टर जॉर्ज : दिल्लीत स्थिरावलेला एक वास्तुशिल्पज्ञ

दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातील सेंट स्टीफन्स कॉलेज व मिरांडा हाऊस, कॅनॉट प्लेसमधील रीगल इमारत, खान मार्केटजवळील सुजान सिंग पार्क आणि मंदिर मार्गावरील सेंट टॉमस चर्च ह्या पाच वास्तूंचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्यांपैकी दोन विद्यालये आहेत, एक नाट्य-चित्रपटगृहासाठी गाजलेली इमारत, एक निवासी संकुल आणि एक प्रार्थनामंदिर. तथापि ह्या पाचही वास्तूंचे आराखडे एकाच माणसाने केले. वॉल्टर साइक्स जॉर्ज हे त्यांचे नाव.

नव्या दिल्लीच्या इतिहासात एडविन लट्येन्स आणि हर्बर्ट बेकर ही दोन नावे ठळक अक्षरांत लिहिली गेली आहेत. राजधानीचे काम चालू असताना हे दोघेही येत-जात राहिले. त्यांची घरे व कार्यालये इंग्लंडमध्येच होती आणि काम संपल्यावर ते तिकडेच राहिले. जॉर्ज मात्र येथेच राहिले. १९१५ मध्ये बेकर यांचे प्रतिनिधी म्हणून दिल्लीत आलेले हे गृहस्थ १९६२ मध्ये दिल्लीतच निवर्तले. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत साम्राज्याची राजधानी एका स्वतंत्र राष्ट्राची राजधानी झाली, तिची लोकसंख्या आणि तिचे धनी दोन्ही बदलले. परक्या सत्तेच्या कामासाठी आलेला माणूस ह्या नगराचा रहिवासी कसा झाला आणि त्या बदलाची खूण त्याच्या वास्तूंवर उमटली काय, हा त्यांच्या चरित्रातील खरा प्रश्न आहे.

जॉर्ज यांचा जन्म १८८१ मधला. वास्तुकलेचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले आणि त्याबरोबरच चित्रकाराचा हातही त्यांना लाभला. त्या काळी इंग्लंडमधील काही तरुण वास्तुशिल्पज्ञांचे लक्ष ग्रीस-रोमच्या अभिजात आदर्शांकडून बायझंटिन स्थापत्याकडे वळले होते. डब्ल्यू. आर. लेथबी यांनी सहकाऱ्यासमवेत १८९४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सांक्ता सोफियावर लिहिलेल्या ग्रंथाने ह्या अभ्यासाला चालना दिली होती. वास्तूची शैली बाहेरून उसनी आणावयाची नसते, ती साहित्य, कारागिरी व उपयोग ह्यांतून आपोआप सिद्ध होते, असा ह्या पंथाचा विश्वास होता. जॉर्ज ह्याच वातावरणात घडले. अथेन्स येथील ब्रिटिश स्कूलच्या आश्रयाने त्यांनी स्पार्टाच्या उत्खननात नकाशे काढले, पुढे सुदानमधील मेरोए येथील उत्खननातही काम केले. कॉन्स्टँटिनोपल येथील सेंट आयरीन हे चर्च उस्मानी अमदानीत शस्त्रागार म्हणून वापरले जात होते. त्याची मोजमापे घेऊन त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला व तो पहिल्या महायुद्धापूर्वी प्रसिद्ध झाला.

ह्या पूर्वायुष्यातील सर्वांत महत्त्वाचे काम थेस्सालोनिकी येथे झाले. तेथील संत दिमित्रिओसचे प्राचीन चर्च पंधराव्या शतकाच्या अखेरीस मशिदीत रूपांतरित झाले होते. १९०७ मध्ये दुरुस्ती चालू असताना गिलाव्याखाली झाकलेली कुट्टिमचित्रे उघडी पडली. रंगीत तुकडे जडवून केलेल्या ह्या भित्तिचित्रांत संत, दाते आणि बालके ह्यांच्या आकृती होत्या. जॉर्ज यांनी त्यांच्या जलरंगातील प्रतिकृती केल्या. जेथे तुकडे गळून गेले होते तेथे त्यांनी कल्पनेने भर घातली नाही. जे दिसले ते आणि जेवढे दिसले तेवढेच उतरविले. मराठीच्या अभ्यासकाला येथे एकनाथांचे स्मरण व्हावे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करताना नाथांनी त्यात कोणी पदरची ओवी घालू नये, असे बजावून ठेवले होते. मूळ कृतीपुढे स्वतःला मागे ठेवण्याची ही वृत्ती लिपिकारातही लागते आणि प्रतिकृती करणाऱ्या चित्रकारातही.

१९१७ च्या ऑगस्टमध्ये थेस्सालोनिकीला प्रचंड आग लागली. तीत हे चर्च भस्मसात झाले आणि उत्तरेकडील आतल्या कमानींवरची कुट्टिमचित्रे जवळजवळ समूळ नाहीशी झाली. त्या वेळी जॉर्ज दिल्लीत होते.

दिल्ली ही राजधानी होणार, ही घोषणा १९११ च्या डिसेंबरमध्ये झाली होती आणि १९१३ मध्ये लट्येन्स व बेकर यांची नेमणूक झाली. बेकर यांच्याकडे सचिवालयाच्या दोन इमारती आणि पुढे संसदभवन आले. रायसिनाच्या टेकडीवर त्यांची रेखाटने प्रत्यक्षात आणण्यासाठी स्थानिक प्रतिनिधीची आवश्यकता होती, ती जागा जॉर्ज यांना मिळाली. युद्धामुळे बांधकाम रेंगाळले होते, पैशाची ओढ होती. कोणत्याही मोठ्या वास्तूच्या पायाशी जसे असते तसेच येथेही प्रतिनिधीचे काम निनावी होते. दगडाची प्रत पाहणे, तपशील मोठ्या मापात काढणे, गवंड्यांना ते समजावणे आणि चुकलेले पुन्हा करून घेणे, हे सर्व ज्याने करावयाचे त्याचे नाव कोनशिलेवर येत नाही. नव्या नगरातील वृक्षराजीच्या आखणीशी मस्टो ह्या उद्यानतज्ज्ञाबरोबर जॉर्ज यांचेही नाव जोडले जाते. ज्याने प्राचीन भिंती मोजल्या होत्या, त्याला आता ऊन, धूळ, पाऊस आणि सावली ह्यांचे मोजमाप करावयाचे होते. पुढे त्यांनी जे बांधले त्यात ह्या वर्षांची शिदोरी आहे.

त्यानंतर जॉर्ज यांनी दिल्लीत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. मुंबईत अशाच प्रकारे स्थिरावलेले क्लॉड बॅटली महाराष्ट्रातील वाचकांना परिचित आहेत. बॅटली १९१३ मध्ये मुंबईस आले, सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या आणि १९५६ मध्ये मुंबईतच त्यांचा अंत झाला. बॅटली यांना शिष्यपरंपरा लाभली, त्यामुळे त्यांची स्मृती टिकली. दिल्लीत वास्तुकलेच्या शिक्षणाची जुनी परंपरा नव्हती. जॉर्ज यांच्या मागे उरल्या त्या मुख्यतः वास्तूच.

त्यांच्या स्वतंत्र कामाची दिशा सेंट टॉमस चर्चमध्ये स्पष्ट होते. राजधानीत व्हॉइसरॉयच्या प्रासादानजीक हेन्री मेड यांनी बांधलेले भव्य चर्च प्रामुख्याने राज्यकर्त्यांसाठी होते. पहाडगंजच्या बाजूस असलेले सेंट टॉमस हे भारतीय ख्रिस्ती समाजासाठी १९३० च्या सुमारास उभारण्यात आले. ह्या समाजाची आर्थिक शक्ती बेताची होती. जॉर्ज यांनी कोरीव दगडाचा हव्यास सोडून साध्या विटेवर भर दिला. विटेच्या थरांतून उठणारी कमान आणि विटेनेच पेललेला भार ही भाषा त्यांनी बायझंटिन वास्तूंपासून आत्मसात केली होती. दिल्लीच्या भट्टीतील विटेने ती बोलणे अवघड नव्हते. साम्राज्याच्या नगररचनेतील भेद ह्या चर्चच्या जन्मातच आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दुय्यम लेखलेल्या समाजाच्या वास्तूकडे जॉर्ज यांनी दुय्यम दृष्टीने पाहिले नाही.

१९३२ मध्ये कॅनॉट प्लेसमध्ये रीगल इमारत उभी राहिली. तिच्यातील नाट्यगृहात नाटके झाली, पुढे चित्रपट झाले आणि २०१७ पर्यंत ते चालू होते. ही इमारत सोभा सिंग यांनी बांधली. सोभा सिंग व त्यांचे वडील सुजान सिंग हे पश्चिम पंजाबातील हडाली गावचे. नवी राजधानी बांधण्याच्या निमित्ताने हे कुटुंब दिल्लीत आले होते. बेकर यांच्या साउथ ब्लॉकचे कंत्राट सोभा सिंग यांच्याकडे होते. म्हणजे ज्या टेकडीवर जॉर्ज यांनी दिल्लीतील कामाला आरंभ केला, तेथेच सोभा सिंग यांचेही भाग्य उदयाला आले. इंग्रज वास्तुशिल्पज्ञ आणि शीख कंत्राटदार, दोघेही ह्या नगरात बाहेरून आलेले. ह्याच सहकार्यातून १९४५ च्या सुमारास सुजान सिंग पार्क सिद्ध झाले. स्वतंत्र बंगल्यांच्या दिल्लीत अनेक कुटुंबांना एका संकुलात सदनिका देण्याचा तो आरंभीचा महत्त्वाचा प्रयोग होता. लाल विटा, उंच कमानी आणि मध्ये मोकळी हिरवळ अशी त्याची रचना आहे. बंगल्याच्या भोवती एकट्याचे आवार असते. येथे आवार सामाईक झाले.

दरम्यान सेंट स्टीफन्सचे काम आले होते. हे महाविद्यालय जॉर्ज यांच्या जन्मवर्षी, १८८१ मध्ये, चांदणी चौकाच्या परिसरात सुरू झाले आणि नंतर काश्मिरी गेटजवळ सॅम्युअल स्विंटन जेकब यांनी बांधलेल्या इमारतीत नांदले. विद्यापीठाच्या नव्या परिसरातील वास्तूची कोनशिला १९३९ मध्ये सी. एफ. अँड्र्यूज यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि १९४१ मध्ये महाविद्यालय तेथे गेले. अँड्र्यूज हे स्वतः ह्याच महाविद्यालयाचे एके काळचे अध्यापक, गांधी व रवींद्रनाथ यांचे स्नेही; इंग्लंडमधून येऊन ह्या देशाचे झालेले. त्यांनी बसविलेल्या शिळेवर जॉर्ज यांची वास्तू उठावी, ह्यात काही औचित्य आहे. सचिवालयाची रचना दुरून पाहणाऱ्याला दिपविण्यासाठी आहे. सेंट स्टीफन्सची रचना आत वावरणाऱ्यासाठी आहे. चौक, सावलीचे सज्जे, पायवाटा आणि हिरवळ ह्यांतून माणसाच्या चालीला व बोलण्याला अवकाश मिळतो.

१९४७ मध्ये सत्तांतर झाले. जॉर्ज यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. परतण्यास कारण होते आणि वयही होते. बहुसंख्य इंग्रज अधिकारी व व्यावसायिक निघून जात होते. दिल्ली निर्वासितांनी भरून गेली होती. अशा काळात, १९४८ च्या मार्चमध्ये, कुलगुरू मॉरिस ग्वायर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मिरांडा हाऊस ह्या स्त्रियांच्या महाविद्यालयाची कोनशिला एडविना माउंटबॅटन यांनी बसविली. आराखडा जॉर्ज यांचा होता. फाळणीने कित्येक कुटुंबांचे घर व मिळकत हिरावून घेतली होती. मुलींचे शिक्षण ही अशा वेळी केवळ हौसेची गोष्ट राहिली नव्हती. राजधानीच्या वैभवासाठी आलेल्या वास्तुशिल्पज्ञाच्या वाट्याला नव्या राष्ट्राचे हे काम आले आणि त्यांनी ते त्याच विटेत, त्याच संयमाने केले. त्यानंतर भारतीय क्षयरोग संघाचे कार्यालय त्यांनी बांधले. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. म्हणजे स्वतंत्र भारतातील व्यवसायबंधूंनी त्यांना आपल्यातले मानले होते.

हे आपलेपण निर्भेळ होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. जॉर्ज यांना दिल्लीत आणले ते साम्राज्याने, आणि त्याने दिलेल्या प्रतिष्ठेवर त्यांच्या व्यवसायाची उभारणी झाली. मात्र त्यांची वास्तू पुढे ज्या दिशेने गेली ती दिशा महत्त्वाची आहे. दर्शनी भव्यतेकडून ती उपयोगाकडे आली, कोरीव दगडाकडून भाजलेल्या मातीकडे आली. हिंदी, पंजाबी, उर्दू आणि इंग्रजी साहित्यातील कितीतरी लेखक-वाचक ह्या चौकांत वाढले. त्यांच्या लेखनात ही वास्तू निवेदनाची पार्श्वभूमी म्हणून येते, तिच्या कर्त्याचे नाव येत नाही.

जॉर्ज १९६२ मध्ये दिल्लीत निधन पावले. त्यानंतर सात वर्षांनी, १९६९ मध्ये, रॉबिन कॉरमॅक ह्या कलेतिहासकाराने थेस्सालोनिकीच्या जळालेल्या कुट्टिमचित्रांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. तिचा आधार जॉर्ज यांनी तारुण्यात केलेली रेखाटने हा होता. मूळ भिंत नष्ट झाल्यावर त्या चित्रांसाठी अभ्यासकांना ह्याच कागदांकडे वळावे लागते. तिकडे कागद उरले आणि भिंत गेली. दिल्लीत भिंती उरल्या आहेत आणि त्या दररोज वापरात आहेत.