लोकनायक बापूजी अणे : माणूस बदलला, पत्ता तोच राहिला

यवतमाळकरांना लोकनायक बापूजी अणे हे नाव लहानपणापासून माहीत असतं. मला मात्र त्यांची गोष्ट नीट कळली ती दोन राउटरवर व्हर्च्युअल आयपी लावताना.

आधी राउटरचं बघू. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला बाहेर जायचा एकच गेटवे सांगितलेला असतो, समजा १९२.१६८.१०.१. हा पत्ता एकाच राउटरचा असेल आणि तो बंद पडला, तर सगळं ऑफिस ऑफलाइन. म्हणून व्हीआरआरपी वापरतात. दोन राउटरना स्वतःचे पत्ते देतात, .२ आणि .३. आणि .१ हा पत्ता दोघांच्या सामाईक मालकीचा, म्हणजे व्हर्च्युअल. ज्याची प्रायॉरिटी जास्त, तो मास्टर. तो साधारण दर सेकंदाला ‘मी आहे’ असा निरोप पाठवतो. तीनेक सेकंद निरोप आला नाही, की बॅकअप राउटर .१ स्वतःकडे घेतो. कॉम्प्युटरांना पत्ता बदलावा लागत नाही.

आता बापूजी. माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. काही वर्षं अमरावतीत शिक्षक, मग यवतमाळात वकिली. टिळकांचे कट्टर अनुयायी. १९२१ पासून त्यांनी विदर्भ प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद सांभाळलं. १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. हाच तो जंगल सत्याग्रह.

त्या काळात काँग्रेससमोर आपल्यासारखाच प्रश्न होता. सरकार पुढाऱ्याला उचलायचं, म्हणजे राउटर बंद. उपाय एकच, पुढचा माणूस आधीच ठरवून ठेवायचा. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, तेव्हा धारासण्याच्या सत्याग्रहाचं नेतृत्व अब्बास तय्यबजींकडे गेलं. त्यांनाही पकडल्यावर सरोजिनी नायडू पुढे आल्या. जवाहरलाल आत गेले, तेव्हा मोतीलाल कार्यवाहक अध्यक्ष झाले. मोतीलाल आत गेल्यावर वल्लभभाई. पद म्हणजे व्हर्च्युअल आयपी, माणसं म्हणजे राउटर. १९३३ मध्ये हा पत्ता वणीच्या या वकिलाकडे आला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. व्हीआरआरपी फक्त पत्ता हलवतो. फायरवॉलचे नियम, रूट, एनएटी यातलं काहीही तो बॅकअपवर नेऊन देत नाही. ते आपल्यालाच आधी तयार ठेवावं लागतं. अण्यांच्या पाठीशी प्रांताचा कारभार आणि तुरुंगवास दोन्हींचा अनुभव होता, म्हणून ते उभे राहू शकले.

पण उपमा इथेच संपते. बॅकअप राउटर फक्त पॅकेट पुढे ढकलतो; अण्यांना निर्णय घ्यावे लागले. मे १९३३ मध्ये गांधीजींनी उपवास सुरू केला आणि त्यांची सुटका झाली. त्यांच्या सल्ल्याने अण्यांनी सविनय कायदेभंग सहा आठवडे थांबवल्याचं जाहीर केलं. व्हिएन्नाहून सुभाषबाबू आणि विठ्ठलभाई पटेलांनी त्यावर कडक टीका केली. जुलैत पुण्याच्या बैठकीनंतर सामुदायिक चळवळ थांबवून वैयक्तिक सत्याग्रहाची वाट मोकळी ठेवली गेली. या घोषणांवर सही अण्यांची होती, त्यामुळे रोषही त्यांच्या वाट्याला आला.

ते कुणाची कॉपी नव्हतेच. १९३४ मध्ये जातीय निवाड्यावरून काँग्रेसशी मतभेद झाले, तेव्हा त्यांनी मालवीयांसोबत वेगळा पक्ष काढला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, पण १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या वेळी राजीनामा देऊन बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल, नंतर नागपूरचे खासदार. टिळकांवर त्यांनी संस्कृतात महाकाव्यही लिहिलं. २६ जानेवारी १९६८ ला ते गेले.

तुमच्याकडे दोन राउटर असतील, तर एक काम करा. सुट्टीच्या दिवशी मास्टरची केबल काढा आणि बॅकअपवर इंटरनेट खरंच चालतंय का ते बघा. .१ ला पिंग लागला म्हणजे झालं असं नाही. पत्ता घेणं सोपं असतं, त्या जागेवरचं काम करता आलं पाहिजे.