खाशाबा आणि पंच

गेल्या स्नेहसंमेलनाआधी नाशकातल्या एका मैदानावर आमचा बास्केटबॉलचा संघ दोन गुणांनी हरला. आमचा एक गडी पंचांच्या अंगावर धावून गेला आणि कडेच्या आम्ही शिट्ट्या मारून त्याला चेव आणला. रात्री खाशाबा जाधव आठवले नि लाज वाटली.

कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल, जन्म १९२६ चा. १९५२ च्या ऑलिंपिकसाठीच्या निवडीत एका गुणाने डावलले गेले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि फेरलढत जिंकली. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून त्यांना हेलसिंकीला पाठवले. (प्राचार्य असावेत तर असे!) तिथे जपानच्या इशीशी झुंज संपते न संपते तोच सोव्हिएत मल्लाशी कुस्ती लागली. नियमाने मध्ये अर्धा तास विसावा हवा होता, पण तो मागायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. दमलेले खाशाबा तसेच उतरले, हरले. तरी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्या भरवून खर्डेकरांचे पैसे फेडले. पुढे पोलिसात नोकरी केली. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आमचा गडी उद्या पंचांकडे जाणार आहे. शिट्ट्या मारणाऱ्यांनीही जावे का, यावर कँटीनमध्ये अजून वाद चालू आहे.